मॉन्स्टेराच्या पारंब्या कापू नका, त्यांना ओल दाखवा

प्रश्न लातूरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या हॉलमध्ये नऊ वर्षांचा मॉन्स्टेरा, म्हणजे मोठ्या फाटलेल्या पानांचा शोभेचा वेल आहे, उंची सात फुटांच्या आसपास. खोडावरून करंगळीएवढी जाड, तपकिरी मुळं सुटली आहेत. काही चार-पाच फूट लांब होऊन फरशीवर आली, दोन टीव्हीच्या कपाटामागे गेली, तीन भिंतीला चिकटली. फरशी पुसताना अडचण होते म्हणून सासूबाई कापा म्हणतात, माळीकाकांचंही तेच मत. ताई दोन महिन्यांपासून रोज सकाळ-संध्याकाळ मुळांवर बोअरचं पाणी फवारतात, तरी टोकं काळी पडून वाळतात. नवी पानंही आधीपेक्षा लहान येऊ लागली आहेत. कापू का, फवारत राहू का, की मॉसची काठी (वेलाला आधार म्हणून लावतात ती, शेवाळासारखं मॉस भरलेली) आणू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, कात्री बाजूला ठेवा, आणि फवाऱ्याची बाटलीही. माझी परभणीला रोपवाटिका आहे. बावीस वर्षांत घरातल्या मॉन्स्टेराबद्दल सगळ्यात जास्त वेळा मला हाच प्रश्न आला, आणि त्याचं मुंबई-कोकणाकडचं उत्तर आपल्याकडे लागू पडत नाही. तिकडच्या दमट हवेत मूळ नुसतं लोंबकळत राहिलं तरी त्याचं टोक महिनोन्‌महिने जिवंत राहतं. आपल्या हवेत ते तसं राहत नाही. म्हणून आपल्याला मुळाला हवेतून काढून ओलीपाशी न्यावं लागतं. बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी हे मूळ म्हणजे काय ते सांगतो. मॉन्स्टेरा अळूच्या कुळातला. मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलातला. तिथे तो झाडाच्या बुंध्याला धरून वर चढतो आणि चढताना प्रत्येक पेरातून मुळं सोडतो. ही मुळं दोन कामांची असतात. आखूड, बारीक मुळं बुंध्याच्या सालीला चिकटतात आणि वेलीचा भार धरतात. नागवेल शेवरीला धरते तशीच. लांब, जाड मुळं मात्र जमिनीकडे झेपावतात, मातीत शिरतात आणि तिथून पाणी-खत वर पाठवतात. लिंबावर चढलेल्या गुळवेलीची सुतासारखी मुळं खाली उतरताना तुम्ही पाहिली असतील. वेल खालून तोडली तरी वरचा भाग हिरवाच राहतो आणि नवी मुळं जमिनीच्या दिशेनं सोडतो. वडाच्या पारंब्यांचंही तेच. तुमच्या फरशीवर आलेली मुळं ही या दुसऱ्या जातीची, म्हणजे पाणी शोधत निघालेली. त्यांना मी पारंब्याच म्हणतो, कारण काम तेच आहे.

आता पारंबीचं टोक हातात धरून बघा. जिवंत असेल तर शेवटचा बोटभर भाग फिकट हिरवा, पांढुरका किंवा किंचित गुलाबी दिसेल, बोटाला गुळगुळीत आणि जरासा चिकट लागेल. त्याच्या मागचा सगळा भाग तपकिरी आणि लाकडासारखा. तो टणक असला तरी घाबरायचं कारण नाही, ती मुळाची साल आहे, आणि त्या सालीतून पाणी फारसं आत जात नाही. मूळ पाणी पितं ते कोवळ्या टोकाजवळ आणि मातीत गेल्यावर फुटणाऱ्या बारीक तंतूंनी. दोन महिने तुम्ही फवारा मारलात तो बहुतेक या जाड सालीवर.

शिवाय आपली हवा. एप्रिल-मेमध्ये लातूर-परभणीचा पारा दुपारी ४२-४३ अंशांवर जातो आणि हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली उतरतो. सकाळी सातला फवारलेलं पाणी चहा होईपर्यंत उडून जातं आणि पाण्यातला क्षार तेवढा मागे राहतो. बोअरचं पाणी घागरीच्या तळाला पांढरा थर धरतं, तोच थर मुळाच्या टोकावर रोज दोनदा बसतोय. टोक काळं पडण्यात उन्हाळ्याबरोबर या क्षाराचाही हात असणार असं माझं मत आहे. टोकाजवळ पांढरट वलयं दिसतात का ते एकदा भिंगानं बघा.

ओलीपाशी न्यायचं म्हणजे काय, हे मला माझ्या मावशीच्या घरी उमगलं. तिच्या ओसरीत मॉन्स्टेरा होता, आणि त्यापासून दोन हातांवर पाण्याचा माठ. माठाखाली वाळूचा ढीग, आपल्याकडे घालतात तसा. एका वर्षी उन्हाळ्यात माठ बदलायला उचलला तर त्या ओल्या वाळूत एक पारंबी शिरलेली. बाहेरचा तिचा भाग कोरडा, सुतळीसारखा. वाळूतल्या चार बोटांत मात्र कापसासारख्या पांढऱ्या मुळांचा झुपका फुटलेला, आणि तो झुपका माठ बसायचा त्या पाझरत्या जागेखालीच जमलेला. कुंडीला त्या महिन्यात पाणी कमी पडलं होतं, तरी वरचं पान तरतरीत होतं. मावशीनं कधी फवारलं नव्हतं. झाडानं स्वतःच ओल हुडकून काढली होती.

तुम्ही तेच मुद्दाम घडवून आणायचं. ज्या पारंब्या फरशीवर आल्या आहेत आणि ज्यांचं टोक अजून जिवंत आहे, त्या वळवून त्याच कुंडीत मातीत घाला. एका दिवसात वळवू नका. जाड मूळ मोडतं, आणि मोडताना ऊस मोडल्यासारखा आवाज येतो. आधी दोन-तीन दिवस मुळाभोवती ओला सुती कपडा गुंडाळून ठेवा म्हणजे ते मऊ पडेल. मग मोठ्या बाकात कुंडीकडे वळवा, टोक दोन-तीन इंच मातीत खोचा आणि वरून सुतळीनं सैल धरून ठेवा. टोक वाळलेलं असेल तर वाळका भाग ब्लेडनं कापून जिवंत, पांढरा गाभा दिसेपर्यंत मागे या आणि मग मातीत घाला. पुढे वाढणारं टोक नसलं तरी कापलेल्या जागेच्या मागून बाजूची मुळं फुटतात. मातीत गेल्यावर पहिले दोन आठवडे तेवढा भाग कोरडा पडू देऊ नका.

कुंडीपर्यंत न पोचणाऱ्या पारंबीसाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे गाडगं. कुंभाराकडून बिनरंगाचं, लिटरभराचं गाडगं आणा, एका उथळ कुंडीत ओल्या कोकोपीटात (नारळाच्या काथ्याच्या भुशात) अर्धं पुरा, पाण्यानं भरा, तोंडावर परळ ठेवा. पारंबीचं टोक गाडग्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवून कोकोपीटनं झाका. गाडगं पाझरत राहतं आणि टोकाला चोवीस तास ओल मिळते. दोन-तीन दिवसांनी गाडगं भरायचं, एवढंच काम. २०१६च्या उन्हाळ्यात तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचीच ओढ होती, झाडाला कुठून घालणार. त्या वर्षापासून मी गिऱ्हाइकांना फवाऱ्याऐवजी गाडगंच सांगत आलो, कारण त्यातलं पाणी हवेत न जाता मुळाला मिळतं.

दुसरा उपाय बाटलीचा. पाण्यानं भरलेली बाटली खोडाजवळ टांगून टोक तिच्यात सोडायचं. बाटली गडद रंगाची घ्या, नाहीतर शेवाळं धरतं. आठवड्याला पाणी बदला. काही आठवड्यांत टोकाजवळ पांढरे तंतू फुटतात. टीव्हीच्या कपाटामागची दोन मुळं ओढून काढता येत नसतील तर तिथेच ही बाटली ठेवून बघा. विजेच्या बोर्डापासून मात्र लांब.

मूळ पाणी प्यायला लागलं हे ओळखायची खूण सांगतो. पहाटे पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो, अळूच्या पानाला दिसतो तसाच. रात्री मुळं वर पाठवतात तेवढं पाणी पानातून उडत नाही, ते टोकाशी साचतं. उन्हाळ्यात हा थेंब कित्येक दिवस दिसला नसेल आणि पारंबी मातीत घातल्यावर पुन्हा दिसू लागला, तर काम झालं समजा.

आता काठीचं. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना काथ्या गुंडाळलेली काठी मिळते. ती आधाराला ठीक आहे, पण मुळाला तिच्यात काही मिळत नाही, कारण आपल्याकडे ती सदा कोरडी ठणठणीत असते. आणि सात फुटांच्या झाडाला ती पेलायचीही नाही. मॉसची काठी चांगली, पण मॉस महाग आणि कोरडं पडलं की पुन्हा ओलं व्हायला वेळ घेतं. मी स्वतः कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती प्लॅस्टिकची जाळी वापरतो. तिची चार इंच जाडीची नळी करून तारेनं शिवायची, मधोमध कुंडीच्या तळापर्यंत जाणारी लोखंडी सळई उभी करायची, आणि नळीत कोकोपीट व नारळाच्या सालीचे तुकडे अर्धे-अर्धे भरायचे. कोकोपीट आधी धुवा. पाच किलोची वीट भिजवून पाणी दोन-तीनदा बदलून काढा, कारण त्यात मीठ असतं आणि आपल्या पाण्यात आधीच क्षार भरपूर. नळीच्या वरच्या तोंडात बुडाला बारीक छिद्र पाडलेली बाटली बसवा. थेंब थेंब पाणी वरून खाली मुरत जाईल.

लाकडाचा ओंडका किंवा बाभळीची काठी आत घालू नका, वाळवी लागते. बारदान गुंडाळायचा मोह होतो, मीही सुरुवातीला गुंडाळायचो, पण वर्षभरात कुजतं आणि त्याच्याबरोबर आत शिरलेली मुळंही जातात.

काठी लावताना झाडाची पाठ ओळखा. मॉन्स्टेराची पानं उजेडाकडे आणि मुळं मागच्या, सावलीच्या अंगाला येतात. काठी त्या पाठीला लावायची. खोड बांधायचं, पानाचा देठ बांधायचा नाही. देठ उजेडाकडे वळत असतो, तो जखडला की पान वाकडं होतं. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, काठी आणि खोड यांच्यामध्ये तिचा फुलीसारखा तिढा येईल अशी सैल बांधा. तारेनं किंवा नायलॉननं आवळलं तर खोडावर चर पडतो.

इथे एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवतो. जुनी, तपकिरी झालेली मुळं काठीला कधीच चिकटणार नाहीत. चिकटतं ते फक्त नवीन, वाढतं टोक. तुमच्या झाडाचा खालचा चार-पाच फुटांचा भाग बांधूनच ठेवावा लागेल. यापुढे येणाऱ्या पेरांतली मुळं मात्र टोक हिरवं असतानाच जाळीत शिरतील, जर जाळी त्या वेळी ओली असेल तर. नवं मूळ फुटताना पेरावर आधी बाजरीच्या दाण्याएवढा फुगवटा दिसतो. तो दिसला की त्या उंचीवरची जाळी महिनाभर कोरडी पडू देऊ नका.

उलट बाजूनंही सांभाळा. जाळी चोवीस तास चिंब ठेवली तर आत हवा राहत नाही आणि मुळं सडतात. शंका आली तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ टणक लागतं. सडलेल्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि मागे नुसता दोरा राहतो. वासही येतो, साचलेल्या गटारासारखा. तसं झालं तर तेवढं कापून टाका आणि पाणी आठवडाभर कमी करा.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्या भागात झाडं बिघडतात ती निम्म्या वेळा यामुळेच. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी लोक साठवून कुंड्यांना घालतात. काटकसर म्हणून ते बरोबर वाटतं, पण सगळा क्षार त्याच पाण्यात एकवटलेला असतो. फरशी धुवायला वापरा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी त्याहून वाईट. पाणी उडत जातं, क्षार टाकीतच राहतो, वरून आपण रोज नवीन पाणी ओतत असतो. महिनाभराच्या त्या पाण्यानं मी जास्वंदही जळालेली बघितली आहे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बिनक्षाराचं असतं, ते गाडग्यात आणि जाळीत घाला. पावसाचं पाणी मिळालं तर दोन ड्रम धरून ठेवा. बोअरचंच वापरावं लागत असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं घाला, म्हणजे साठलेला क्षार धुऊन निघतो.

कूलरचं पाणी वाईट असलं तरी कूलरची हवा झाडाच्या फायद्याची. कूलर चालू असलेल्या खोलीत ओलावा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दरवर्षी कूलर सुरू झाले की आठ-पंधरा दिवसांत मुळांची टोकं पुन्हा पांढरी होताना मी बघतो. झाड त्याच खोलीत असू द्या, फक्त झोताच्या सरळ रेषेत नको. झोतात पानं एकमेकांवर घासून फाटतात.

कापायचं कधी, हेही सांगतो, कारण सासूबाईंची अडचणही खरी आहे. घरात माणसं अडखळणार असतील तर दोन-तीन मुळं काढायला हरकत नाही. पण कापण्याआधी प्रत्येक मूळ हातानं चाचपत शेवटापर्यंत जा. माझी सुरुवातीची वर्षं होती. एका कार्यालयातल्या मॉन्स्टेराची अकरा मुळं मी एका दुपारी साफ केली, एप्रिलमध्ये. दहा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. कुंडी उपसली तर छिद्र नसलेल्या शोभेच्या कुंडीत आतली मुळं केव्हाच सडलेली, आणि कापलेल्यांपैकी दोन पारंब्या शेजारच्या अरेका पामच्या कुंडीत खोल गेलेल्या. झाड त्या दोन मुळांवर जगत होतं आणि मी नेमकी तीच तोडली. ते झाड वाचलं नाही. त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून कापायचं तर आधी इतर पारंब्या मातीत रुजलेल्या असू द्या. जी कुठेच पोचलेली नाहीत, पूर्ण वाळली आहेत, तीच काढा. धारदार, पुसून घेतलेल्या ब्लेडनं खोडाजवळ कापा, पण खोडाला इजा नको. हातमोजे घाला. अळूची खाज तुम्हाला माहीत आहे, मॉन्स्टेराच्या रसातही तसेच सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला खाजतं आणि तोंडात गेलं तर घसा सुजतो. लहान मूल, मांजर-कुत्रं घरात असेल तर कापलेले तुकडे लगेच गोळा करा.

भिंतीला चिकटलेली तीन मुळं ओढू नका. रंगाचे पोपडे निघतात आणि खोडही सोलतं. ती भिंतीतून काही पीत नाहीत, नुसती धरून आहेत, त्यामुळे पिंपळाच्या रोपासारखी भिंत फोडतील ही भीती नको. झाड काठीला नीट बांधून झालं की खोड आणि भिंतीच्या मध्ये मूळ कापा. भिंतीवरचा भाग आपोआप वाळेल, मग ओल्या फडक्यानं भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा. तपकिरी ठसे थोडे राहतील, ते पुढच्या रंगकामात जातील. भिंतीला ओल येत असेल आणि भेग असेल तर मात्र मूळ भेगेत शिरू शकतं, तेवढं तपासा.

पानं लहान येण्याचं कारण माझ्या मते पारंब्यांपेक्षा कुंडीत आहे. नऊ वर्षांत माती किती वेळा बदलली ते तुम्ही लिहिलेलं नाही. तळाच्या छिद्रातून मुळं डोकावत असतील, किंवा पाणी घातल्यावर ते मातीत न मुरता कडेनं सर्रकन वाहून जात असेल, तर कुंडीत माती कमी आणि मुळंच जास्त झालीत. एकदम मोठी कुंडी नको, आहे त्याहून दोन-तीन इंच रुंद पुरे. आणि कृपा करून शेतातली काळी माती भरू नका. कापसाला ती सोनं आहे, कुंडीत मात्र ओली असताना चिबड होते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. जुनं कुजलेलं शेणखत, कोकोपीट, विटांचे तुकडे आणि जाडी वाळू अशी भुसभुशीत भर करा. झाड खिडकीपासून लांब असेल तर पूर्वेच्या खिडकीजवळ आणा. आधार आणि उजेड दोन्ही मिळाले की पान मोठं होत जातं. आपला साधा मनीप्लांट बघा ना, बाटलीत तळहाताएवढं पान, आणि तोच बागेतल्या मोठ्या झाडावर चढला की सुपाएवढं, फाटलेलं पान.

कुंडी बदलायचं आणि नवी काठी उभी करायचं काम आत्ता करू नका. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊन हवा दमट झाली की करा, म्हणजे जून अखेर ते ऑगस्ट. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हाही हात लावू नका, त्या दिवसांत तुटलेलं मूळ भरून येत नाही. तोवर फवारा बंद करा, फरशीवरच्या पारंब्यांपैकी ज्यांची टोकं जिवंत आहेत त्या ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दोन-तीन दिवसांनी कुंडीत वळवा, एक गाडगं आणा. माळीकाकांना हे दाखवून ठेवा, नाहीतर तुम्ही घरी नसताना ते कात्री चालवतील.